आकाशाचे भाडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जाहिरातीचा धंदा आणि आकाश यांची गाठ आजच पडलेली नाही. १९२२ साली इंग्लंडमध्ये एप्समच्या डर्बी शर्यतीस जमलेल्या गर्दीच्या डोक्यावर एका विमानाने धुराच्या अक्षरांत 'डेली मेल' या वृत्तपत्राचे नाव लिहिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या आकाशातही असे लेखन झाले. परंतु धुराची अक्षरे काही मिनिटांत विरून जात, विमान उडविणे खर्चाचे होते, आणि रात्री तर हा उद्योग बंदच असे. म्हणून तो पुढे अनेक वर्षे एक गंमत म्हणूनच टिकून राहिला. तरीही ब्रिटिश कायद्याने त्याची वेळीच दखल घेतली. नियमांनी सांगितलेले मोजके अपवाद सोडले तर हवेतून जाहिरात करण्यास तेथे मनाई आहे, आणि थॅचरबाईंच्या राजवटीत झालेल्या १९८२ च्या नागरी विमानवाहतूक कायद्यातही ती मनाई कायम राहिली. बाजारपेठेवर ज्यांची इतकी श्रद्धा, त्यांनीसुद्धा आकाश बाजारात मांडले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता परिस्थिती बदलली आहे, आणि ती धुरामुळे नव्हे तर दिव्यांमुळे बदलली आहे. चार छोटे पंखे, एक विजेरी आणि रंग बदलणारा एक दिवा एवढेच ज्याचे भांडवल, असे शेकडो ड्रोन एकाच संगणकाच्या आज्ञेने आकाशात चढतात, आणि प्रत्येक ड्रोन म्हणजे चित्रातील एक ठिपका होतो. उपग्रहाकडून मिळणाऱ्या स्थाननिदर्शक संदेशात सहसा काही मीटरची चूक असते. ती चूक जमिनीवरील एका स्थिर केंद्राकडून सतत दुरुस्त होत राहिली की ड्रोनला आपली जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक कळते. त्यामुळे दोन-तीन मीटरच्या अंतराने उडणारे ड्रोन एकमेकांना धडकत नाहीत. कोणी वैमानिक एकेका ड्रोनला चालवीत नसतो. नाच आधीच लिहून ठेवलेला असतो. विजेरीचे आयुष्य पंधरा-वीस मिनिटांचे, म्हणून खेळही सामान्यतः दहा-बारा मिनिटांत आटोपतो. या स्वयंचलित कौतुकामागे कष्टाचे कामही आहे. संध्याकाळी मैदानावर शेकडो ड्रोन हातांनी ओळीने मांडणारी, विजेऱ्या भरणारी आणि रात्री ते उचलून पेट्यांत ठेवणारी माणसे लागतात. प्रेक्षकांना मात्र ती कधी दिसत नाहीत.

संख्या कशी वाढत गेली ते पाहिले की भांडवलाच्या गतीची कल्पना येते. २०१२ साली ऑस्ट्रियातील लिंझ शहरात डॅन्यूब नदीवर ४९ ड्रोनांचा प्रयोग झाला. तो कलावंतांचा आणि संशोधकांचा होता. २०१५ मध्ये जर्मनीत इंटेल कंपनीने शंभर ड्रोन उडविले. २०१८ च्या प्याँगचांग येथील हिवाळी ऑलिंपिकसाठी १,२१८ ड्रोनांचे चित्रण झाले. २०२१ मध्ये शांघायच्या आकाशात ३,२८१ ड्रोन चढले ते एका मोटारकंपनीच्या नाममुद्रेसाठी, आणि २०२४ मध्ये शेन्झेन येथे हा आकडा दहा हजारांच्या पलीकडे गेला. कलेकडून क्रीडेकडे आणि क्रीडेकडून मोटारीकडे असा हा नऊ वर्षांचा प्रवास आहे. २०१७ साली अमेरिकेतील 'सुपर बोल' सामन्याच्या मध्यंतरात लेडी गागा या गायिकेच्या मागे तीनशे ड्रोनांनी प्रथम चांदण्या व ध्वज दाखविला आणि कार्यक्रम संपताच त्याच ड्रोनांनी पेप्सीचे बोधचिन्ह काढले. स्टेडियमवर ड्रोन उडविण्यास बंदी असल्यामुळे हे चित्रण आधीच करून ठेवलेले होते. राष्ट्रध्वज आणि शीतपेय यांच्यातील अंतर किती मिनिटांचे असते हे दूरदर्शनसमोर बसलेल्या कोट्यवधी लोकांनी पाहिले. शांघायमध्येच २०२१ च्या एप्रिलमध्ये दीड हजार ड्रोनांनी एका संगणकीय खेळाच्या जाहिरातीत आकाशभर क्यूआर कोड काढला. लोकांनी मान वर करून फोन आकाशाकडे रोखावा आणि खेळाच्या पानावर पोहोचावे अशी ती योजना. यापूर्वी माणसे दुकानात जात. येथे दुकानच नक्षत्रांच्या जागी येऊन बसले.

भारतातही ही विद्या अवगत झाली आहे आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट' सोहळ्यात एक हजार स्वदेशी ड्रोन उडाले. दिल्लीच्या आय.आय.टी.त उगवलेल्या एका तरुण कंपनीने केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या साहाय्याने ते सिद्ध केले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये विजयवाडा (आंध्र प्रदेश) येथे साडेपाच हजार ड्रोनांचा खेळ झाला. या तरुणांच्या बुद्धीबद्दल कोणाच्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. फटाक्यांचा धूर आणि कानठळ्या यांपेक्षा हा खेळ कितीतरी निरुपद्रवी आहे, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शिवकाशीच्या कामगारांचे पुढे काय, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे, पण तो आजचा विषय नव्हे. आजचा प्रश्न एवढाच की, सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या या विद्येचा उपयोग शहराच्या आकाशात माल विकण्यासाठी होऊ लागला, तर त्याची किंमत कोण देतो आणि उत्पन्न कोण घेतो.

येथे थोडे अर्थशास्त्र आणणे अपरिहार्य आहे. रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धान्त मांडला. त्याचे सार असे की, जमिनीचा खंड हा जमीनमालकाच्या श्रमातून निर्माण होत नाही. लोकवस्ती वाढते, धान्याची मागणी वाढते, आणि मोक्याच्या जमिनीला आपोआप भाव येतो. हाच नियम जाहिरातीच्या फलकाला लावून पाहा. शीव-पनवेल रस्त्यावरील फलकाला भाव येतो तो लोखंडी सांगाड्यामुळे नव्हे, तर त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या लक्षावधी डोळ्यांमुळे. तो रस्ता सार्वजनिक पैशाने बांधला. ते डोळे कामावर जाणाऱ्या, घरी परतणाऱ्या, बसच्या खिडकीशी बसलेल्या सामान्य माणसांचे. फलकाचे मूल्य ते निर्माण करतात, आणि भाडे मात्र ज्याची जमीन त्याच्या खिशात जाते. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विचारवंताने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहितीचा सुकाळ झाला की लक्ष देण्याच्या शक्तीचा दुष्काळ पडतो. दुष्काळ पडला की साठेबाज येतात. धान्याच्या बाबतीत हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे.

फलकाला निदान एक खांब असतो, आणि खांबाला जमीन लागते. म्हणून कोणाला तरी भाडे द्यावे लागते, कोणाची तरी परवानगी घ्यावी लागते, आणि पालिकेला निदान तेवढा हात घालता येतो. ड्रोनांच्या थव्याने हा खांबच काढून टाकला, आणि खरे आर्थिक नाविन्य येथे आहे, दिव्यांत नाही. शहराच्या हद्दीबाहेरचे एखादे मैदान, एखादी नौका किंवा एखाद्या धनिकाची खासगी जागा एका रात्रीपुरती घेतली की पुरे. दर्शन मात्र साऱ्या शहराला घडते. खंड निर्माण करणारे लोक एका ठिकाणी, उड्डाणाची जमीन दुसऱ्या ठिकाणी, आणि या दोहोंमध्ये भाडे मागणारा कोणीही नाही.

हे काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसमोर हडसन नदीवर पाचशे ड्रोनांनी 'कँडी क्रश' या फोनवरील खेळाची जाहिरात केली. न्यूयॉर्क शहरात ड्रोन उडविण्यावर कडक निर्बंध होते. म्हणून ड्रोन उडाले ते नदीपलीकडच्या न्यू जर्सी राज्यातून! जाहिरात पाहणारे न्यूयॉर्कचे, परवानगी देणारे न्यू जर्सीचे. न्यूयॉर्कच्या विधिमंडळातील सिनेटर ब्रॅड हॉयलमन यांनी त्यास जाहीर विरोध केला. शहराची क्षितिजरेषा खासगी नफ्यासाठी वापरण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्यांचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळण्याजोगी व्यवस्थाच तेथे नव्हती.

आता आपल्याकडचा कायदा पाहू, कारण येथे एक मौजेची गोष्ट आहे. मराठीत या वस्तूसाठी शब्द आधीपासून तयार आहे. पुणे महानगरपालिकेत आकाशचिन्ह विभाग आहे. अनेकांना त्या पाटीचे हसू येते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या ३२८व्या कलमात आकाशचिन्हांचे नियमन आहे, आणि त्याची व्याख्या करणाऱ्याची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी होती. आकाशाच्या पार्श्वभूमीवर रस्त्यावरून दिसणारे, खांबावर वा चौकटीवर उभारलेले जाहिरातीचे कोणतेही अक्षर, चित्र वा चिन्ह त्यात येते. इतकेच नव्हे, तर जाहिरातीसाठी वापरलेला फुगा, हवाई छत्री किंवा तत्सम साधनही येते. 'तत्सम' या शब्दात ड्रोन बसविणे कोणाही वकिलाला अवघड नाही. परंतु हे साधन इमारतीवर, बांधकामावर किंवा रस्त्यावर असावे लागते. गिरगाव चौपाटीसमोर समुद्रावर थवा उभा राहिला तर? तेथे इमारत नाही, रस्ता नाही. चौपाटीवर बसलेली लाखभर माणसे मात्र आहेत.

दुसरी बाजू केंद्राची. विमानवाहतूक हा केंद्राचा विषय. २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अमलात आले. आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडले गेले आणि पूर्वीची पुष्कळ परवाना-कागदपत्रे रद्द झाली. हे नियम पाहतात ते वजन, उंची, नोंदणी आणि विमानतळापासूनचे अंतर. ड्रोन काय दाखवितो, कोणासाठी दाखवितो आणि त्यातून कोणाला किती मिळते, याविषयी ते मौन पाळतात. मुंबई पोलीस सुरक्षिततेच्या कारणास्तव वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर इत्यादींवर बंदीचे आदेश काढतात. पण तो कायदा-सुव्यवस्थेचा तात्पुरता उपाय झाला. त्यातून परवानगी घेऊन सुटका होऊ शकते, आणि परवानगी कोणाला सहज मिळते हे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी चर्चिली गेलेली. वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी सोडून अन्य जाहिरातींवर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ५५व्या नोंदीने राज्यांना, आणि त्यांच्यामार्फत पालिकांना, दिला होता. २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीने ती नोंद वगळली गेली आणि जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला. पालिकेच्या हाती उरले ते परवाना शुल्क. म्हणजे जेथे परवान्याचीच तरतूद धूसर, तेथे शुल्कही धूसर. थव्याच्या जाहिरातीवरील जी.एस.टी. राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत जाईल. गर्दी आवरणे, वाहतूक वळविणे, रुग्णवाहिका उभी ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी मैदान झाडणे हे काम मात्र पालिकेच्या कामगारांचे. पिगूने १९२० साली ज्या बाह्य परिणामांचा विचार मांडला, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

हा सगळा कीस कशासाठी, असे कोणी विचारील. दहा मिनिटांचा दिव्यांचा खेळ, त्यात कोणाचे काय जाते? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी तीन तारखा आठवाव्यात. ५ ऑक्टोबर २०१८ : पुण्यात जुन्या बाजारापाशी रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. (त्या चौकाला शाहीर अमर शेखांचे नाव आहे. ज्या शाहिराने आयुष्यभर गिरणी कामगारांसाठी डफ वाजविला, त्याच्या चौकात माणसे मेली ती जाहिरातीखाली.) १७ एप्रिल २०२३ : पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे पावसापासून आडोशाला उभे राहिलेले पाच जण फलकाखाली गेले. १३ मे २०२४ : घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर प्रचंड फलक कोसळून सतरा माणसे मेली. मुंबईत जास्तीत जास्त चाळीस फूट गुणिले चाळीस फुटांची मर्यादा असताना तो सुमारे एकशेवीस फूट गुणिले एकशेवीस फुटांचा होता. दुर्घटनेनंतर कळले ते असे की, जागा लोहमार्ग पोलिसांची, म्हणून पालिकेची परवानगी नाही. आणि पालिकेची परवानगी नाही, म्हणून पालिकेची जबाबदारी नाही. त्या वेळी मुंबईत निवडून आलेले सभागृहही नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासक कारभार पाहत होते. प्रश्न विचारावयास नगरसेवकच नाही अशी ती स्थिती.

हद्दींच्या फटीत माणसे मरतात, हा घाटकोपरचा अर्थ आहे, आणि ड्रोनांच्या थव्याची फट त्याहून रुंद आहे. ड्रोन हलका असतो हे खरे, पण तो आकाशातून पडतो हेही खरे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी चीनच्या झेंगझोऊ शहरात एका व्यापारी संकुलासमोरील खेळात डझनावारी ड्रोन गर्दीवर कोसळले. पालक मुलांना घेऊन धावत सुटले. जुलै २०२३ मध्ये मेलबर्नच्या बंदरात पाचशेपैकी चारशेहून अधिक ड्रोन वाऱ्याने पाण्यात गेले. वारा ठरलेल्या मर्यादेहून अधिक होता, असे तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो येथे नाताळच्या खेळात ड्रोन आदळून सात वर्षांच्या मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. या देशांत चौकशीची यंत्रणा आहे, विमा आहे, न्यायालये त्वरेने चालतात. वैशाखातल्या वळवाचा वारा मुंबईत किती मिनिटांत उठतो हे घाटकोपरने दाखविले आहे. तेथे हजार ड्रोन हवेत असताना जबाबदारी कोणाची, याचे उत्तर अपघाताच्या आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

बंदी घातली तर तंत्रज्ञानाला विरोध होतो, रोजगार बुडतो, असा आक्षेप येईल. रोजगाराचा कळवळा ज्यांना आज आला, त्यांना सिनेमाचे फलक रंगविणाऱ्या मुंबईतील चित्रकारांची आठवण झाली होती काय? एम. एफ. हुसेन यांनी ज्या धंद्यातून आपली कुंचली धरली, तो धंदा छापील फ्लेक्सने बसला तेव्हा बाजाराने एक अश्रूही ढाळला नाही. ड्रोन शेतात फवारणीसाठी, पुरात अडकलेल्यांचा शोध घेण्यासाठी, भूमापनासाठी उडावेत. त्यात बुद्धिमान तरुणांना पुष्कळ काम आहे. सार्वजनिक उत्सवात, शाळेच्या विज्ञानमेळाव्यात, चैत्यभूमीवर वा रायगडावर एखादा दिव्यांचा खेळ लोकांच्या वतीने व्हावा, यालाही हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न व्यापारी जाहिरातीचा आहे.

आणि जाहिरातीवर अशी बंदी घालणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी होनोलुलूचे उदाहरण पाहावे. हवाईच्या या शहराने विमानाने फलक ओढून जाहिरात करण्यास सरसकट मनाई केली. गर्भपातविरोधी एका संघटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने ती न्यायालयात नेली. २००६ साली अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निर्णय दिला. कारण बंदी मजकुराला नव्हती, साधनाला होती. साबण विकणारा आणि मत सांगणारा दोघांनाही ती सारखीच लागू होती. ब्राझीलमधील साओ पावलो शहराने तर २००६ मध्ये 'स्वच्छ शहर' कायदा करून १ जानेवारी २००७ पासून बाह्य जाहिरातच बंद केली आणि सुमारे पंधरा हजार फलक उतरविले. तो कायदा आणणारे महापौर जिल्बेर्तु कासाब हे डाव्या पक्षाचे नव्हते. फलक उतरल्यावर त्यांच्यामागे दडलेल्या जुन्या इमारती दिसल्या, तशाच झोपडपट्ट्याही दिसल्या. गॅलब्रेथने १९५८ मध्ये 'द ॲफ्लुअंट सोसायटी'त खासगी वैभव आणि सार्वजनिक दैन्य यांची जी जोडी दाखविली, ती एका शहराच्या भिंतीवर अशी उघडी पडली. फ्रान्समधील ग्रनोब्ल शहराने २०१४ च्या अखेरीस ३२६ फलक काढून त्या जागी झाडे लावण्याचे ठरविले. महाराष्ट्रात पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे अंधारे आकाश जपण्याजोगी वस्तू आहे हे सरकारलाही पटलेले दिसते. मात्र ते वाघांपुरते.

होनोलुलूच्या निकालातील एक मुद्दा कार्यकर्त्यांना कडू लागेल. बंदी साधनाला घालावयाची तर ती राजकीय पक्षांनाही लागू झाली पाहिजे. वाढदिवसाचे, नियुक्तीचे आणि अभिनंदनाचे फ्लेक्स चौकाचौकांत कोण लावतो हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांबाबत २०१७ साली कडक आदेश दिल्यानंतरही ते थांबलेले नाहीत, आणि त्यात सर्व रंगांचे झेंडे आहेत. उद्या एखाद्या नेत्याची तसबीर हजार दिव्यांत आकाशात दिसू लागली तर तेथे पैसा कोणाचा हे विचारण्याचा अधिकार, आज चौकातील फ्लेक्सचा हिशेब देणाऱ्यालाच राहील.

मागण्या फार नाहीत आणि त्या पालिकेच्या सभागृहात मांडता येण्याजोग्या आहेत. आकाशचिन्हाच्या व्याख्येत दुरुस्ती करून, शहराच्या सार्वजनिक जागेवरून दिसणारे आणि जाहिरातीसाठी उडविलेले कोणतेही साधन, ते कोठूनही उडालेले असो, त्यात घालावे. ही दुरुस्ती राज्य विधिमंडळाने करावयाची आहे, म्हणून आमदारांकडे निवेदने गेली पाहिजेत. मुंबईसाठी १८८८ चा कायदा आणि अन्य शहरांसाठी १९४९ चा महानगरपालिका कायदा, असे दोन्ही बदलावे लागतील. व्यापारी व पक्षीय जाहिरातीला मनाई असावी. सार्वजनिक कार्यक्रमासाठी परवानगी देताना विमा, वाऱ्याची कमाल मर्यादा, प्रेक्षकांपासूनचे अंतर आणि जबाबदार व्यक्तीचे नाव परवान्यावरच छापलेले असावे. तो परवाना सूचनाफलकावर लागला पाहिजे. केंद्राच्या ड्रोन नियमांत, स्थानिक संस्थेच्या संमतीवाचून वस्तीच्या ठिकाणी थव्याचे उड्डाण होऊ नये, असे एक वाक्य घालावे लागेल. त्यासाठी खासदारांशी बोलावे. प्रत्येक शहरातील कार्यकर्त्यांनी आपल्या पालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडे माहितीच्या अधिकारात आजच अर्ज करावा. गेल्या तीन वर्षांत ड्रोनच्या जाहिरातीसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, शुल्क काय घेतले आणि अर्ज न करता किती खेळ झाले, एवढे चार प्रश्न पुरेत. अर्जाला दहा रुपयांचा मुद्रांक लागतो आणि उत्तर तीस दिवसांत यावयास हवे.